पाहुणा आत अडकलाय

कळमन्याचं कोल्ड स्टोरेज. मे.
बाहेर सेहेचाळीस, ऑफिसात कूलरचं पाणी संपलेलं,
खसच्या वाळक्या ताट्या नुसत्याच फडफडतात.

रात्री कधीतरी अपडेट आलं.
सकाळी मशीन नेहमीसारखं उठलं,
नेहमीसारखा पासवर्ड मागितला.
बदलला होता फक्त गाभा, कर्नल.

आणि त्या गाभ्याच्या भरवशावर
अकरा वर्षं पोटात राहिलेला पाहुणा,
एक जुनाट विंडोज, त्यात हेडाऊकाकांनी लिहिलेला पोत्यांचा हिशेब,
दार उघडेना.

"काऊन व बाई, होऊन राह्यलं का नाही?"
निमजे मालक. फाटकाशी तीन ट्रक, भिवापुरी मिरची.
मला शिंक येते. कीबोर्डलासुद्धा यावी.

सांगू काय?
की यजमान रातोरात जाडा झाला
आणि मॉड्यूल अजून जुन्या मापाचं?
"मापं आणते," एवढंच म्हणते.
हेडर उतरवते, मोबाइलच्या नेटवर, थेंब थेंब.

बांधणी सुरू. ओळी धावतात.
एक इशारा. दुसरा. मग चूक:
एका फंक्शनला पूर्वी तीन गोष्टी लागायच्या,
आता दोनच पुरतात.
तिसरी मी हातानं खोडते. थोडं वाईट वाटतं, का कोण जाणे.

बांधून झालं तर मशीन म्हणतं, सही कुणाची?
कुणाचीच नाही. मग माझी.
किल्ली बनवली, रीस्टार्ट, निळा पडदा, हो, हो, हो.

पाहुणा जागा झाला
काल संध्याकाळच्या सहा चाळीसवर,
अर्ध्या नोंदीत, कर्सर लुकलुकत.
त्याला रात्र झाल्याचंच माहीत नाही.
खाली इंग्रजी अक्षरांतलं मराठी:
अडचण आल्यास हेडाऊ यांस विचारावे.
फोन सहा आकडी.

काका जाऊन तीन वर्षं झाली.
नागपुरात सहा आकडी फोन उरून तर कित्येक.

"झालं," मी म्हटलं.
मालकांनी पंप चालू करायला पोरगा पिटाळला.
जुन्या पावतीच्या पाठीवर मी लिहिलं:
अपडेट आलं तर हात लावू नका, आधी विचारा.
खाली माझा नंबर, दहा आकडी.
मालकांनी तो काचेखाली सरकवला,
शेवटच्या दोन आकड्यांवर तिखटाचा अंगठा.