चार नंबर

रे रोडला, साखळदंडांच्या वखारीला लागून
दहा बाय बावीसचा गाळा.
शटर अर्ध्यावर अडकतं, पुढे वाकून यायचं.
त्यामुळे येणारा प्रत्येकजण आधी नमस्कार घालतो
आणि मग भाव विचारतो.

परवा टेम्पोतून एक इंजिन उतरलं.
सहा सिलिंडर, एकामागे एक,
रेशनच्या रांगेसारखे,
फक्त कुणी कुणाला ढकलत नाही.
मालक कलिन्याचे पास्कल मिस्किटा.
"पोरीचा लगीन हाय फेब्रुवारीन,
ह्याच गारीन जावाचा हाय तिला चर्चला."
कुठल्या सालचा फेब्रुवारी, मी विचारलं.
ते हसले. मी हसलो नाही.

हेड काढलं. काजळी, गंजाचा चिखल,
पाण्याच्या वाटेत झुरळाचं एक पंख.
क्रँक दोन दिवस रॉकेलमध्ये.
संघमित्राला आयटीआयमधून येताना वाटलं होतं
इथे काम म्हणजे पडद्यावर रेषा ओढायच्या.
आता तिच्या नखांत माझ्याइतकंच काळं.
मायक्रोमीटर ती कान देऊन फिरवते,
तीन टिकटिक, चौथी नाही.
"एक, दहा थाऊ कमी. दोन, दहा. तीन, दहा."
मग गप्प.
"काका, चार नंबर वीस आहे."

परत मोज.
परत वीस.
मी चष्मा पुसून मोजलं. वीस.

बेअरिंगची वाटी उजेडात धरली.
चौथ्याला व्हाइट मेटल जाड ओतलेलं,
हाताने खरवडून बसवलेलं,
खुणा पापलेटच्या खवल्यांसारख्या बारीक
आणि सगळ्या उलट्या बाजूला कललेल्या.
या गल्लीत डावखुरा मिस्त्री एकच झाला,
अब्बास मुकादम, मुरुडचे.
त्यांनीच मला पेटण्याचा क्रम पाढ्यासारखा पाठ करून घेतला:
एक पाच तीन, सहा दोन चार.
चुकलो की पाना टेबलावर आपटायचे, माझ्यावर कधी नाही.
चार नंबर शेवटी येतो, म्हणायचे,
म्हणून त्याला विसरायचं नाय.

ब्याऐंशी साल. बाबांची गिरणी बंद,
म्हणून माझी शाळा बंद, म्हणून मी इथे.
सतराचा होतो. शुक्रवार होता,
मिस्त्री नमाजाला गेलेले,
आणि कलिन्याच्याच एका काळ्या गाडीचा क्रँक
मी एकटा घासत होतो, शिट्टी वाजवत.
आल्यावर त्यांनी मोजलं.
पुन्हा मोजलं.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"तू आज जा लवकर. काम नाय."

मी गेलो. चौपाटीवर भेळ खाल्ली.
बेचाळीस वर्षं मला वाटत राहिलं
त्या दिवशी काम नव्हतं.

संघमित्रा विचारते, एवढी चूक कुणाची?
माझी, मी म्हणतो.
तिला वाटतं मी मोठेपणा करतोय.

चौथा गुळगुळीत आहे अजून,
त्याला फक्त पॉलिश लागेल.
बाकीचे पाच झिजलेत, त्यांना वीसवर आणावं लागेल,
म्हणजे सगळे सारखे होतील
आणि पुढे कुणी उघडलं तर काहीच दिसणार नाही.
मिस्त्री, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं का?
की त्या रात्री नुसतं शिसं वितळवत बसलात,
डोळ्यांत धूर, आणि उद्याच्या डिलिव्हरीची काळजी?

जुनं व्हाइट मेटल पुन्हा वापरायचं नाही,
हा त्यांचाच नियम.
वाटी भंगाराच्या डब्यात टाकली.
काढली. पुन्हा टाकली.

"दगड तू चालव," मी तिला म्हटलं,
"मी चहा सांगून येतो."
"एकटी?"
"तर काय, वऱ्हाड बोलवू?"

वाकून बाहेर आलो.
खाडीचा वास, कुठेतरी गॅस कटरचा निळा लोळ.
मागे दगड लोखंडाला टेकल्याचा आवाज,
एकसारखा,
आणि थोड्या वेळाने, त्याच्यावर,
तिची शिट्टी.

दोन ग्लास हातात निवत होते.
मी आत गेलो नाही.