फेरिटिन नऊ

रासा नावाची नर्स, लिथुएनियाची.
कागद माझ्याकडे वळवून म्हणाली, हे बघ, नऊ.
मी विचारलं, शंभरातले?
ती हसली नाही.

ग्रिम्सबीत राहून मासे सोडणं म्हणजे
गुऱ्हाळावर राहून गूळ वर्ज्य करणं.
पहाटे सहाला हॅडॉकच्या खोक्यांवर मी तारखा चिकटवते,
दुपारी दोनला हातांना लिंबू चोळते,
आणि घरी येऊन टोस्ट.
टोस्टवर चीज. बटाटा. पुन्हा टोस्ट.
वर सहा कप चहा.
याला वर्षभर मी शाकाहार म्हणत होते.

का सोडले, हे तिनेही विचारलं.
सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं.
एका मंगळवारी ताट पुढ्यात होतं, हात गेला नाही,
एवढंच.
आई तेव्हा फोनवर म्हणाली होती,
"मासली सोरलीस? कोनाव रागावलीस गो?"
रेवदंड्याच्या बाजारात चाळीस वर्षं
पाटी मांडून बसलेल्या बाईला
दुसरं काय सुचणार?
माणसं रागाने सोडतात, नाहीतर नवसाने.
मी नुसतीच सोडली.

नुसतीच सोडलीस, तिथेच चुकलं, रासा म्हणाली.
म्हणजे तिच्या भाषेत म्हणाली:
टेबलाजवळची एक खुर्ची काढलीस,
तिथे दुसरी ठेवली नाहीस.
जिन्यात लागणारी धाप, कंगव्यातले केस,
ऑगस्टातही गार पडलेली बोटं,
जिभेच्या कडेची आग.
मला वाटत होतं हे वय आहे,
किंवा हे इंग्लंड आहे.

गोळ्या दिल्या. संत्र्याच्या रसाबरोबर घ्यायच्या.
पालकावर लिंबू पिळायचं.
आणि जेवणानंतर तासभर चहा नाही.
तासभर!
पहिल्या दिवशी मी किटलीकडे बघत बसले,
किटली माझ्याकडे.

शेजारच्या डोरीनने मार्माइटची बाटली आणून ठेवली.
यात बी-ट्वेल्व्ह असतं, माझी नात हेच खाते, म्हणाली.
झाकण उघडलं आणि शपथ सांगते,
स्वयंपाकघरात सुकटीसारखं काहीतरी दरवळलं.
काळं, चिकट, खारट. बोटाने चाटलं.
जवळा नव्हे,
पण जवळ्याच्या गावचं कुणीतरी.

आईला आकडा सांगितला.
फेरिटिन म्हणजे काय ते तिला कळलं नाही, नऊ कळलं.
जरा वेळ गप्प. मग एकदम चिडून,
"मंग सावनान आपुन काय उपाशी व्हतो?"

हलला शिकणाऱ्या मोरेश्वरच्या बॅगेतून आलं मग सगळं:
जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारलेले कडवे वाल,
अळशीची चटणी, नाचणीचं पीठ,
आणि बिडाचा तवा.
विमानतळावर ती बॅग तीनदा उघडायला लावली म्हणे.
तवा पाहून अधिकारी बाई म्हणाली,
माझ्या आजीकडे असाच होता.

वालांना इथे मोड यायला तयार नाहीत.
पहिला दिवस, दुसरा दिवस, बोडकेच.
शेवटी फडक्यात बांधून बॉयलरच्या कपाटात ठेवले,
टॉवेलांच्या मध्ये, बाळासारखे.
तिसऱ्या रात्री कपाटाला वास आला,
ओला, कडवट, घरचा.

कोमट पाण्यात एकेक सोलायला बसले.
अंगठा आणि तर्जनी, किंचित दाब,
साल इकडे, दाणा तिकडे.
बोटं इतकी भराभर चालली की मीच थांबून पाहिलं.
ही तर कोळंबी सोलणारी बोटं.
त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नव्हतं.

तीन महिन्यांनी रासाने कागद वळवला. सव्वीस.
अजून कमीच आहे, म्हणाली, गोळ्या थांबवू नकोस.
जिना मात्र मी न थांबता उतरले;
चढण्याचं नंतर बघू.

रविवारी आई अजून विचारते, राग गेला का?
राग नव्हताच गं.
बरं, म्हणते, आणि मग वेगळ्याच आवाजात,
वाल हायेत का सोपले?
सोपत आले, मी म्हणते.
तासाला अजून वीस मिनिटं असतात,
किटली गार असते,
आणि ती तिकडे कुणाला तरी हाका मारून विचारत असते,
आता विलायतेला कोन चाललाय?