आऊट काढताना

चाक स्टँडला लावून फिरवलं
की कळतं कुठं मारतंय.
रिमजवळ खडू धरायचा,
जिथं खूण उमटेल तिथल्या तारा
पाव आटा ढिल्या, पाव आटा घट्ट.
घाई केली तर दुसऱ्या बाजूला उडतं.
औसा रोडला एकोणतीस वर्षं
मी एवढंच करतोय.

पहाटे साडेपाचला पोरं निघतात,
फिजिक्सची बॅच सहाची.
निलंग्याची, किनवटची, गंगाखेडची,
पाठीवर दप्तर, हँडलला डबा,
दिवा कुणाच्याच सायकलला नाही.
दिवे मागच्या टिप्परला असतात.
आपलीच सावली पुढं लांब लांब पडत जाते
आणि एकदम आखूड होते,
तेव्हा कडेला व्हायचं.
कडा कुठंय ते ज्यानं त्यानं शोधायचं.

मी वहीत लिहून ठेवतो.
जूनपासून पुढची चाकं वाकडी: एकेचाळीस.
चिमटे: नऊ.
नववा चिमटा मुखेडच्या सुकेशनीचा.
सायकल टेम्पोतून आली,
ती सरकारी दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये.

वही घेऊन अप्पांकडं गेलो.
नगरसेवक गुरुलिंगअप्पा. माणूस वाईट नाही.
पोरवयात दांडीखालून पाय घालून
दुधाच्या दोन किटल्या लावून शहरात यायचे,
चेन पडली की माझ्या बापाच्या दुकानात.
एका ट्यूबचे पैसे अजून राहिलेत,
ते मी काढलं नाही.

अप्पांनी चहा सांगितला, पानं चाळली.
"पांचाळ, ह्यातली किती नावं यादीत हैत?"
कुठल्या यादीत, अप्पा?
"मतदार यादीत रे.
ही समदी बाहेरगावची लेकरं. अठराच्या आतली.
दोन वर्षं राहतेत, डॉक्टर व्हायला निघून जातेत.
पट्टा आखायचा म्हणलं तर गाडेवाले उठवा,
दुकानापुढच्या गाड्या हलवा.
ते तर हितलेच हैत."
आवाजात राग नव्हता.
हिशोब होता, माझ्या वहीसारखाच.

तसं काहीच केलं नाही म्हणता येत नाही.
सायकल दिनाला बारा नव्या सायकली आल्या,
हवा मीच भरली.
अप्पांच्या सीटवरचं प्लास्टिक काढू लागलो
तर म्हणले, "ऱ्हाऊ दे, पांढरी पॅन्ट आहे."
पुतळ्यापासून पेट्रोल पंपापर्यंत
पाऊण तास रस्ता बंद.
टिप्पर रांगेत, पोलीस हात आडवे करून.
आणि खरं सांगतो,
अप्पांनी झकास चालवली.
मधे तर दोन्ही हात सोडले,
अंग विसरत नाही.
पंपाशी उतरले तेव्हा चेहरा
किटल्या रिकाम्या करून परतणाऱ्या पोराचा.
"रस्ता मोकळा असला की काय मजा येतीय, पांचाळ!"
मी व्हय म्हणलो.
तेवढ्यात गाडी आली, दार उघडलं.

मग फलक लागला.
अप्पा सायकलवर, हात सोडलेले,
खाली मोठ्या अक्षरात 'सायकल चालवा, शहर वाचवा'.
फलकाला खांब पाहिजे, खांबाला खड्डा.
डांबर आणि गटार यांच्या मधे
पोरांनी रोज जाऊन जाऊन पाडलेली
दोन वीत पायवाट होती,
खड्डा तिथंच खणला.
आता पोरं खांबापर्यंत येतात
आणि टिप्परपुढून वळसा घालतात.
चाकं: चव्वेचाळीस.

सुकेशनी दिवाळीनंतर आली, थोडी लंगडत.
"मामा, झाली का?"
चिमटा नवा घातलेला, आऊट काढलेला.
पैसे मोजता मोजता तिला वही दिसली,
स्वतःचं नाव दिसलं.
माझ्या कानामागचा पेन मागून घेतला
आणि नावापुढं लिहिलं:
अठरा पूर्ण, चार ऑक्टोबर.
"ते यादीचं कुठं असतंय, मामा?"
तहसीलला, म्हणलो. जायचं कसं ते सांगितलं.
ह्याच रस्त्यानं.

ती निघाली.
मागून बघत राहिलो, चाक कुठं मारत नव्हतं.
खांबापाशी आली,
मान वळवली, उजवा हात बाहेर काढला,
आणि मी रिमजवळ खडू धरावा
तसा श्वास धरून उभा.