आठ गुणांचा प्रश्न

प्रश्न पाच, अ. गुण आठ.
‘किल्लेदाराने भावासाठी दरवाजा का उघडला नाही?
अधोरेखित ओळीतील अलंकाराच्या आधारे लिहा.’
ओळ अशी :
‘उसवल्या पोत्यागत रात्र माझ्या पायाशी सांडली.’

नमुना उत्तर माझ्याकडे तयार आहे,
अकरा वर्षं तेच.
मत्सर, दोन गुण. सत्तेचा लोभ, तीन.
उपमा. उपमेय रात्र, उपमान पोतं,
सांडणं हा साधारण धर्म.
उरलेलं हस्ताक्षर आणि माझा मूड.

रास्ता पेठेतली रात्रशाळा पावणेदहाला सुटते.
स्वारगेटला बस निम्मी रिकामी होते,
तिथून धनकवडीपर्यंत गठ्ठा मांडीवर, हातात लाल पेन.
सदतिसाव्या पेपरावर हळदीचा अंगठा :
लहू वायदंडे. मार्केट यार्डात, भुसार बाजारात
पहाटेपासून पाठीवर पोती.

‘मॅडम, ज्यानं ही ओळ लिहिली
त्यानं पोतं उचललेलं नाही.
उसवलेलं पोतं भसकन सांडत नसतं.
आधी एक टाका सुटतो.
मग गव्हाची बारीक धार लागते.
ज्याच्या पाठीवर असतं त्याला कळत नाही,
उलट हलकं वाटतं, बरं वाटतं.
दिसतं ते मागून येणाऱ्याला.
किल्लेदाराचं पोतं पहिल्या अंकातच उसवलंय,
आई धाकट्याला आधी वाढते तिथं.
नंतर तो आपल्या घोड्याला थोपटतो,
भावाच्या घोड्यापाशी हात मागं घेतो, तिथं.
दरवाज्यापाशी पोचला तेव्हा पोतं मोकळंच होतं.
मोकळ्या पोत्याला कसला हेतू?
सांडला तो. नाव रात्रीचं घेतो.’

अलंकाराचं नाव लिहिलेलं नाही.

घरी येऊन मी नाटक पुन्हा काढलं.
घोड्याचं ते वाक्य कंसात आहे,
बारीक टाइपात.
कंस वगळूनच मी शिकवत आले,
परीक्षेला कंस येत नाही.

आणि दुसऱ्या थापेनंतर, तिसरीच्या आधी
किल्लेदार पहारेकऱ्याला विचारतो,
‘बाहेर फार गारठा आहे का रे?’
ह्या वाक्याखाली मी दरवर्षी लिहून देते : क्रौर्य, उपरोध.
आज वाटलं,
त्याला खरंच जाणून घ्यायचं असेल.
असेलही.
पहारेकरी ‘आहे, सरकार’ म्हणतो
आणि दोघंही उभे राहतात.

सात गुण दिले.
समासात लिहिलं, ‘अलंकार ओळखा.’
नियम आहे, मी स्वतःला म्हटलं.
पेनाचं टोपण लावलं, काढलं,
पुन्हा लावलं.
आठ दिले असते तर
अकरा वर्षांच्या गठ्ठ्यांचं काय करायचं होतं मी?

सोमवारी पेपर वाटले.
लहू मागच्या बाकावरून, दाभण ओवावी तशा सावकाश आवाजात :
‘मॅडम, एक गुण कुठं सांडला?’
वर्ग हसला. मीसुद्धा.
व्हरांड्यात कुणीतरी उशिरा आलेलं
चपला काढत होतं.
मी जाऊन वर्गाचं दार लोटलं,
वारं येत होतं म्हणून.

लहू दाराकडे बघत राहिला.