सुवार्ताची खूण

बाप्तिस्म्याच्या दिवशी बाबांनी नाव ठेवलं, सुवार्ता.
पुढे वर्षभराने आईच्या हातून परात निसटली
आणि पोर वळलीसुद्धा नाही,
तेव्हा कळलं.
नाव मग बदललं नाही.

जालन्यात मोसंबीच्या अडत्यापासून पाळकापर्यंत
सगळे म्हणायचे, थोरलीनं धाकटीचंही बोलणं घेतलं.
खोटं नव्हतं.
बुधवारच्या घरप्रार्थनेत माझी पाळी आली
की चहा दोनदा गरम करावा लागायचा.
आजाऱ्यांसाठी, दहावीच्या पोरांसाठी,
मोंढ्यातल्या कुण्या हमालासाठी, ज्याचं नावही मला ठाऊक नसायचं.
पंधरा दिवसांनी नळाला पाणी यावं
तसे शब्द यायचे,
भांडी पुरायची नाहीत.

ती शेजारी बसून हातांनी करायची.
देव म्हणजे डोक्यावर ठेवलेला तळवा,
आई न्हाऊ घालताना ठेवायची तसा.
पाप म्हणजे नखातली माती काढणं.
मी म्हणजे तोंडापुढे उघडझाप करणारी चार बोटं,
आणि वर हसायची.
आमेन म्हणजे डबीला झाकण लावणं.

आमेनच्या आधी आणखी एक खूण होती.
दोन्ही मुठी छातीशी,
मग एकेक बोट सुटत जायचं, सावकाश,
जसं काही ओतायचंय, पण सांडायचं नाहीये.
मी कधी विचारलं नाही.
मला वाटायचं, बियाण्याच्या कंपनीत
दिवसभर सरकी निवडते,
तीच सवय हाताला.

मे महिन्यात ताप डोक्यात गेला.
घाटीच्या वॉर्डात ती सलाइनची सुई
पुन्हा पुन्हा उपसायची.
सिस्टर म्हणाली, ताई, हात बांधावे लागतील.
मी म्हणाले, बांधा.

पलंगाच्या दांड्यांना, पांढऱ्या पट्टीनं,
दोन्ही मनगटं.
तीन रात्री ती माझ्याकडे बघत होती
आणि मी तिच्या उशाशी
मोठ्यानं प्रार्थना करत होते.

चौथ्या पहाटे पट्टी सोडली,
तोवर बोटं गार झालेली.

माती झाली. माणसं आली, गेली.
बुधवार आला. चटईवर गोल, माझी पाळी.
हे प्रभू, म्हणाले.
पुढे काही नाही.
पंख्याची कुरकुर. लांबवर मिलचा भोंगा.
मार्थामावशी खोकल्या, उगाच.
पुढच्या बुधवारी पुन्हा हे प्रभू.
त्याच्या पुढच्या बुधवारी तेही नाही.

शांतवन पाळक दारापर्यंत सोडायला आले.
म्हणाले, न बोललेलंही तो ऐकतो, बाई.
मला विचारायचं होतं,
तो बघतो का?
वॉर्डात बघत होता का?
चप्पल घातली आणि निघाले.

काल रात्री लाइट गेली.
चाचपडत तिच्या खाटेवर बसले.
तळवा डोक्यावर ठेवला. जड लागला, माझाच असून.
नखातली माती काढायला गेले.
माती नव्हती,
पट्टीचा धागा अडकल्यासारखं वाटत राहिलं,
किती काढला तरी.

मग मुठी छातीशी.
एक बोट सुटलं.
दुसरं.
तिसऱ्याला घाबरले,
कारण मला माहीत नाही, मी काय म्हणतेय.
क्षमा कर, की तुला क्षमा नाही,
की नुसतंच, हे घे.
कदाचित सरकीच असेल,
तिच्या टेबलावरची, तिनं निवडलेली.

ही भाषा दोघांनाच यायची,
त्यातला एक तू.
मी फक्त हात हलवतेय, प्रभू,
अर्थ तुझ्याकडे आहे.
बघ.

दहाही बोटं सुटली तेव्हा
गल्लीत कुणाच्या तरी घरी दिवा लागला, मग सगळीकडे.
मी तशीच बसले, हात उघडे.
झाकण लावलं नाही.