खांबाचा भाव

घड कापला की उरतो खांब.
सावद्यात तो पैसे देऊन फेकायचा,
ट्रॅक्टरचं भाडं आपल्याच अंगावर.

ओकिनावाहून हिगाबाई आल्या,
सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार.
बांधावरच्या खांबाला नाक लावून
काहीतरी म्हणाल्या.
दुभाष्या चहाला गेलेला.

जैतून तडवीनं विळा पुढं केला.
बाईंनी सोप सोलला, धागा ओढला.
हिनं ओढला, तुटला.
पुन्हा तुटला.
भरीत-भाकरीनंतर
नखानं मारायची गाठ जमली.

आता तागे बोटीनं जातात,
काठाला जैतूनचा गोधडीतला धावदोरा.
गल्लीत चौदा माग.
अडत्या विचारतो, खांब कसा दिला?

ती वही उघडते.
पहिल्या पानावर भाव नाही.
चिकटवलेला तुटका धागा,
खाली जपानीत एक ओळ,
अजून कुणी न वाचलेली.