गज

वेळापत्रकात सगळं होतं:
बॅलीमोट, टबरकरी, परतीची शेवटची बस नऊ चाळीस.
वादन कुठे, ते नव्हतं.
"ते ठरत नाही, जमतं," ड्रायव्हर जार्लथ म्हणाला,
आणि स्लायगोच्या स्टँडवर कुणा बाईने सोपवलेलं
लांबट खोकं पुढच्या सीटवर ठेवून
त्याला पट्टा बांधला.
"फिडलचा गज. घोड्याचे केस नवे लावलेत.
हा उतरेल तिथे उतर."

पाऊण तास मी त्या खोक्याच्या मागे बसून.
दगडी बांध, मेंढ्यांच्या पाठीवर निळा रंग,
मग थांबा नसलेल्या एका फाट्यावर बस थांबली.
गमबूट घातलेली अट्रॅक्टा, सत्तरीच्या बरीच पुढची,
खोकं काखोटीला मारून चालू लागली,
मागे कोण येतंय ते न बघता.

हार्डवेअरच्या दुकानामागे पब.
खिळे, दोरखंड, रंगाचे डबे ओलांडून आत
सात माणसं, तोंडं एकमेकांकडे,
बाकी जगाकडे पाठ.
तिने गजाला राळ लावली. बराच वेळ लावत राहिली.
मग कुणी काही न सांगताच सुरू झालं.

चालीचं नाव विचारलं, तर म्हणाली,
"पोस्टमनकडून आलेली.
नाव त्याला विचारायचं राहूनच गेलं."

नऊ चाळीसला बसचे दिवे
बाटल्यांवरून सरकत गेले.
जार्लथने दोनदा हॉर्न दिला, तोही तालाबाहेर.
फ्लूटवाल्याने तेवढी भुवई उचलली.

माझी सॅक बसमध्येच राहिलीय
हे मला तिसऱ्या आवर्तनाला आठवलं.